टोचन लावताना माणसं कुठे उभी होती? (चिखलात-वाळूत रुतलेली गाडी सुरक्षित काढण्याबद्दल)

घाटमुलुख (पुणे)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून सविस्तर लिहितो, कृपया वाचा.

जुलैच्या शेवटी पानशेतच्या मागच्या बाजूला आम्ही तीन गाड्या गेलो होतो. पाऊस धो धो. एका अरुंद रस्त्यावर समोरून पिकअप आली म्हणून मित्रानं गाडी कडेला घेतली आणि डावी दोन्ही चाकं भातखाचराच्या कडेला घसरून पार डिफपर्यंत (ॲक्सलच्या मधला गियरचा गोळा) रुतली. माझी थार पुढे होती, मी रिव्हर्स घेऊन आलो. डिकीत ऑनलाइन घेतलेला टोचन पट्टा होता, त्यावर ५ टन लिहिलेलं, दोन्ही टोकांना लोखंडी हुक. एक हुक माझ्या मागच्या बाजूला आणि दुसरा मित्राच्या गाडीच्या पुढच्या बंपरखाली जी लोखंडी कडी असते तिला अडकवला. पहिल्यांदा हळू ओढलं, गाडी हललीच नाही. मग सगळे म्हणाले जरा ढील देऊन झटका मार. मारला.

ती कडी चेसिसपासून उखडली आणि हुकासकट माझ्या मागच्या काचेतून आत आली. मागच्या सीटचं हेडरेस्ट फोडून तिथेच रुतून बसली. त्या सीटवर पाच मिनिटं आधी माझा बारा वर्षांचा भाचा बसला होता. तो खाली का उतरला तर त्याला व्हिडिओ काढायचा होता, आणि तो कुठे उभा होता तर पट्ट्यापासून हार्डली आठ फुटांवर. म्हणजे गाडीत असता तरी आणि बाहेर होता तरी, वाचला तो निव्वळ नशिबानं.

घरी आल्यावर ती कडी हातात घेऊन बघितली. अंगठ्याएवढी जाड आहे, बघून कोणालाही वाटेल की हिला काय होतंय. पण जिथून तुटली तिथे वेल्डिंगचा बहुतेक भाग आधीच गंजून काळा पडलेला, फक्त नखाएवढी चंद्रकोर ताजी चकचकीत होती. तेवढ्यावर ती टिकून होती.

मला विचारायचंय की बरोबर पद्धत काय, सामान काय घ्यायचं आणि आमचं नक्की काय काय चुकलं. मोकळेपणानं सांगा, बोलणी खायची तयारी आहे.

फॅब्रिकेशनवाला (चिंचवड)

भाऊ आधी भाच्याला काही झालं नाही हे देवाची कृपा. बोलणी कशाला, हे सगळे असंच करतात, मीही केलंय.

ती जी कडी होती ना, ती टोचनची नाहीच. गाडी ट्रेलरवरून किंवा जहाजातून नेताना खाली बांधून ठेवायला ती दिलेली असते. तिच्यावर खाली ओढणारा ताण धरलेला असतो, पुढे झटका मारणारा नाही. तसंच आजकाल बऱ्याच गाड्यांना बंपरमधली झाकणी काढून आट्यानं फिरवून बसवायचा जो डोळा मिळतो, तो सपाट रस्त्यावर बंद पडलेली गाडी सरळ रेषेत हळू न्यायला आहे. चिखलातून उपटायला नाही. तिरकं ओढलं की तो वाकतो किंवा आट्यातून निघून येतो.

आणि कोणी टो बॉलला, म्हणजे ट्रेलरच्या गोळ्याला, पट्टा अडकवत असेल तर आजपासून बंद करा. तो गोळा मानेतून तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा जातो, ऑस्ट्रेलियात यानं माणसं दगावली आहेत. बंपर, ॲक्सल, सस्पेन्शनचे आर्म, स्टिअरिंगचा रॉड, यातलं काहीही नको. चेसिसला बोल्टनं पक्का बसवलेला, लोड लिहिलेला रिकव्हरी पॉइंटच (रुतलेली गाडी ओढून काढायला दोर अडकवायची जागा) पाहिजे, आणि बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे. बोल्टच्या डोक्यावरच ८.८ कोरलेलं असतं, गाडीखाली झोपून वाचा.

तुमच्या पट्ट्याचे हुक हीच दुसरी चूक. टोकाला लोखंड असलेला पट्टा तुटला की ते लोखंड उडतं. टोकाला नुसते शिवलेले लूप असलेला पट्टा घ्या आणि शॅकल (पिननं बंद होणारी लोखंडी कडी) वेगळा घ्या. बो शॅकलवर ४.७५ टन असं कोरलेलं असतं, कोरलेलं नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातलं ते शोभेचं समजा. पिन पूर्ण आवळून मग पाव फेरी उलटी सोडायची, नाहीतर ताण आल्यावर ती जाम होते आणि मग चिखलात बसून पान्यानं झगडत बसा.

जंगलवाटा (नाशिक)

दादा, वाचून अंगावर काटा आला. मी काही वर्षं ऑफरोड इव्हेंटला मार्शल म्हणून उभी राहिलेय त्यामुळे उपकरणांपेक्षा माणसांबद्दल लिहिते.

रिकव्हरी सुरू करायच्या आधी एकच माणूस प्रमुख ठरवायचा आणि बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं. खरंच गप्प. तुमच्याकडे "सगळे म्हणाले झटका मार" असं झालं ना, तिथेच गडबड झाली. दोन ड्रायव्हर सोडून गाडीत कोणीही नको, काचा वर, सीटबेल्ट लावलेला. बाहेरच्यांनी दोराच्या लांबीच्या किमान दीडपट लांब जायचं, ९ मीटरचा दोर असेल तर साडेतेरा मीटर, म्हणजे मोठी वीस पावलं मोजा. आणि दोराच्या रेषेत कुठेच नाही, ना पुढच्या गाडीच्या पुढे ना मागच्याच्या मागे, कारण तुटलेली वस्तू त्याच रेषेत जाते, तुमच्या काचेतून आली तशी. ताणलेला दोर कधीही ओलांडायचा नाही, शॅकल नीट करायचा असेल तर आधी गाडी मागे घेऊन दोर सैल पाडायचा आणि मगच हात लावायचा.

दोराच्या मध्यावर वजन टाका. डॅम्पर म्हणून तयार मिळतो पण ओलं गोणपाट, जड ताडपत्री, माती भरलेली सॅक, काहीही चालतं. दोर तुटला तर ते वजन त्याला खाली पाडायला मदत करतं. याचा अर्थ मग जवळ उभं राहायला हरकत नाही असा अजिबात नाही.

पुळणकर (गुहागर)

आमच्याकडे दर सीझनला हेच. पुण्या-मुंबईची मंडळी येतात, ओहोटीला पुळण कडक दिसते म्हणून गाडी घालतात, आणि परतताना कोरड्या भुसभुशीत वाळूत चाकं फिरवत बसतात. चाक एकदा जागेवर फिरलं की दर फेरीला खाली जातं, आणि मग गाडीचं पोट वाळूवर टेकतं. एकदा पोट टेकलं की फोर बाय फोरचा काही उपयोग नाही कारण वजन चाकांवर राहिलेलंच नसतं.

आधी सांगतो, किनाऱ्यावर गाडी घालायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे आणि गुन्हेही दाखल होतात, ते बरोबरच आहे. वेळास, आंजर्ले, आमचं गुहागर, इथे साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात आणि अंडी वाळूत हात-दीड हात खाली असतात, वरून कळतही नाही. कृपा करून घालू नका.

पण रुतलीच असेल तर पहिलं काम भरती कधी ते बघणं. मोबाईलला रेंज नसली तर आमचा जुना हिशोब, तिथीची पाऊणपट. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या आसपास भरती. अंदाजच आहे पण तुमच्या हातात तास किती आहेत ते कळतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं तेव्हा पाणी फार वरपर्यंत येतं, अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा कमी. उधाणाला ओल्या वाळूत गाडी असेल तर प्रयोग करत बसू नका, लगेच गावात माणूस पाठवा.

मग हवा काढा. ३२ psi ची १६ करा. टायर पसरतो, लांबीला जास्त पसरतो, आणि वाळूवर तरंगतो. चाकांच्या पुढची वाळू हातानं-फावड्यानं उतरती करून काढा, पोटाखालची काढा, नारळाच्या झावळ्या चाकाखाली घाला (देठ आडवे, आणि गाडीमागे कोणी उभं नको, झावळी उडून लागते). दहातल्या सात गाड्या एवढ्यावर स्वतःच्या ताकदीवर निघतात, दोर लागतच नाही.

शारजा_मराठी

पुळणकर दादांशी हजार टक्के सहमत. इथे वाळवंटात जाताना डांबर संपलं की सगळे आधी खाली उतरून हवा काढतात, १४-१५ वर आणतात, आणि मगच वाळूत शिरतात. फक्त एवढी हवा कमी असताना जोरात वळवायचं नाही, टायर रिममधून निघतो. आणि परत डांबरावर आल्यावर हवा भरल्याशिवाय वेगानं जायचं नाही, टायर तापून फुटतो. १२ व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर आणि हवेचा गेज, माझ्या मते पट्ट्याच्या आधी हे घ्या.

दुसरं, रुतल्याचं कळल्या क्षणी ॲक्सिलेटरवरून पाय काढा. अर्धा मिनिट जास्त रेस केलीत की अर्धा तास जास्त खणावं लागतं.

बोलेरोप्रेमी (सातारा)

सगळं ठीक आहे पण आम्ही वीस वर्षं साखळीनं काढतोय ट्रक पण आणि जीप पण, काही झालं नाही. एवढं सामान कोण घेणार, गावाकडे कुठे मिळतं हे

फॅब्रिकेशनवाला (चिंचवड)

बोलेरोप्रेमी भाऊ, साखळी आधी ताणून घेऊन हळू ओढत असाल तर चालूनही जाईल, तुमचा हात बसलेला असेल. पण साखळीला लवचिकता जवळजवळ शून्य. ढील देऊन झटका मारला की सगळा धक्का एका क्षणात एका कडीवर येतो, आणि जी सगळ्यात कमजोर आहे ती सुटते, मग ती साखळीची असो की चेसिसची.

हिशोब सांगतो. दोन टनाची गाडी ताशी १० किमीनं जात असेल तर तिच्यात जवळपास ७,७०० ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे तीच गाडी सव्वा फूट वर उचलून सोडल्यावर जेवढी होईल तेवढी. ताशी २० केलं की दुप्पट नाही, चौपट होते, गाडी पाच फुटांवरून सोडल्यासारखी. आता ही सगळी ऊर्जा घाटमुलुख भाऊंच्या त्या नखाएवढ्या वेल्डिंगनं झेलायची होती.

म्हणून ढील देऊन ओढायचं तर त्यासाठी कायनेटिक दोर किंवा स्नॅच पट्टा वेगळा असतो, नायलॉनचा. पट्टा २० टक्क्यांपर्यंत आणि दोर ३० टक्क्यांपर्यंत ताणतो, रबरासारखी ऊर्जा साठवून हळूहळू सोडतो. साधा टोचन पट्टा पॉलिस्टरचा असतो, तो ताणत नाही, तो फक्त हळू सरळ ओढायला. बाजारात दोन्ही दिसायला सारखे, विकणाराही फरक सांगत नाही, लेबलवर नायलॉन का पॉलिस्टर ते वाचा. तुमच्या हातात होता तो बहुतेक पॉलिस्टर.

काळीरान (परभणी)

राम राम. आमच्या काळ्या मातीचं वेगळं आहे, तिथं हवा काढून फार फरक पडत नाही, ती माती टायरच्या नक्षीत भरली की टायर गुळगुळीत होतो आणि खाली चाकाला ओढून धरते. पावसाळ्यात आमच्याकडं पहिला फोन ट्रॅक्टरवाल्याला जातो, म्हणून ट्रॅक्टरचं सांगतो कारण याच्यात माणसं मरतात.

ट्रॅक्टरला ओढायचा दोर नेहमी खाली ड्रॉबारला (मागं खालच्या बाजूला असलेली ओढायची पट्टी) बांधायचा. टॉप लिंकला (अवजार जोडायचा वरचा दांडा), सीटच्या मागं, ॲक्सलच्या वर कुठंच नाही. दोर ॲक्सलच्या वर बांधला आणि रुतलेली गाडी हलली नाही तर मागची चाकं जागेवर राहतात आणि ट्रॅक्टरचं तोंडच वर उठतं, पार उलटा होऊन ड्रायव्हरच्या अंगावर येतो. क्लच दाबायला पण वेळ मिळत नाही. आमच्या शिवारात एक जण असाच गेला, ऊस भरलेली ट्रॉली काढताना. लहान गियर, हळू क्लच, पुढचं चाक उचलतंय वाटलं की लगेच सोडायचं. जुना सोल नाहीतर कासरा तर अजिबात वापरू नका, वरून चांगला दिसतो आणि आतून कुजलेला असतो.

आणि ओढायच्या आधी खणा. चाकांच्या मागंपुढं खोऱ्यानं चर काढला, पहारीनं माती सैल केली, त्यात पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या टाकल्या की ओढायला निम्मा जोर लागतो.

जंगलवाटा (नाशिक)

काळीरान काका, ट्रॅक्टरचं लिहिलंत ते फार महत्त्वाचं, हे शहरातल्या लोकांना माहीतच नसतं.

खणण्याबद्दल आकडा देते. लष्करात रिकव्हरीचा ढोबळ हिशोब असा की चाकांपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाएवढा जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, बॉडीपर्यंत गेली तर तिप्पट. म्हणजे दोन टनाची गाडी सहा टनाची होते. वीस मिनिटं फावडं मारलं तर तुम्ही तिप्पटवरून एकपटीवर येता, आणि तेवढा ताण दोरावरून, शॅकलवरून, चेसिसवरून कमी होतो. मला तर फावडं हेच सगळ्यात सुरक्षित उपकरण वाटतं.

नवी_जिम्नी (ठाणे)

खूप शिकायला मिळतंय, सगळ्यांचे आभार. माझे प्रश्न – जिम्नी हलकी आहे तर १० टनी दोर घेतला तर जास्त सेफ ना? दोन पट्टे जोडायचे झाले तर मध्ये शॅकल लावू का? आणि विंच (दोर ड्रमवर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) बसवून घेतलं तर हे सगळं टळेल का?

फॅब्रिकेशनवाला (चिंचवड)

एकेक सांगतो. जास्त टनाचा म्हणजे जास्त सेफ असं नाही. कायनेटिक दोर ताणला पाहिजे, आणि हलक्या गाडीला १० टनी दोर ताणणारच नाही, मग तो साखळीसारखाच झटका देतो. दोन गाड्यांतली जी हलकी तिचं माणसं-सामानासकट वजन घ्या आणि त्याच्या दोन ते तीन पट तुटण्याची क्षमता असलेला दोर घ्या. तुमची भरलेली जिम्नी साधारण दीड टन, म्हणजे साडेचार टनांच्या आसपासचा. थार सव्वादोन टन धरली तर सहा-साडेसहा.

दोन पट्ट्यांच्या मध्ये लोखंडी शॅकल कधीच नाही, पट्टा तुटला की तो गोफणीतला दगड होतो. एकाचा लूप दुसऱ्याच्या लूपमधून ओवून जोडायचा आणि मध्ये घडी केलेलं मासिक नाहीतर जाड कापड घालायचं, म्हणजे गाठ आवळून बसत नाही. आजकाल सॉफ्ट शॅकल मिळतात, दोराचेच विणलेले, हलके असतात त्यामुळे उडाले तरी लोखंडाएवढा मार नाही. फक्त धारदार कडेवर लावू नका, कापले जातात.

विंचबद्दल, चांगलं आहे कारण झटका नसतो, हळू ओढतं. पण विंचवर लिहिलेली क्षमता ड्रमवर दोराचा शेवटचा थर उरलेला असताना असते, दोर जास्त गुंडाळलेला असेल तर जोर कमी मिळतो. कप्पी लावली तर जोर जवळपास दुप्पट होतो आणि वेग निम्मा. झाडाला दोर थेट गुंडाळायचा नाही, झाडाची साल सोलवटून झाड मरतं आणि दोरही खराब होतो, रुंद पट्टा लावायचा आणि बुंध्याला खाली लावायचा. स्टीलचा दोर असेल तर हातमोजे हवेतच, त्याचे तुटके तार तळहात फाडतात. आणि विंचसाठी मोठा लोखंडी बुलबार (बंपरपुढचा सांगाडा) लावून देऊ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय परिवहन मंत्रालयानं त्याला मनाई केली आहे.

जंगलवाटा (नाशिक)

प्रत्यक्ष ओढताना काय करायचं तेही लिहून टाकते. रुतलेल्या गाडीचं स्टिअरिंग सरळ, ड्रायव्हरनं दोराला ताण आला की लो मध्ये (फोर बाय फोरची कमी वेगाची, जास्त जोराची रेंज) पहिल्या-दुसऱ्या गियरला हळूच ॲक्सिलेटर द्यायचा, चाकं भिरभिरवायची नाहीत. जिथून गाडी आत गेली त्याच वाटेनं मागे ओढणं बहुतेक वेळा सोपं पडतं, ती वाट तिनं आधीच करून ठेवलेली असते. पहिला प्रयत्न ढील न ठेवता. नाही निघाली तर कायनेटिक दोरानं एक-दोन मीटर ढील ठेवून चालायच्या वेगानं. दोन-तीन प्रयत्नांत हलली नाही तर थांबायचं, वेग वाढवायचा नाही, परत खणायचं. दोरालाही मध्ये विश्रांती लागते, लागोपाठ ताणला की गरम होतो आणि पुन्हा मूळ लांबीवर यायला वेळ घेतो. नायलॉन भिजलं की थोडं कमजोर होतं, आणि चिखलातले कण आतले धागे कापत राहतात म्हणून घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा.

पुळणकर (गुहागर)

एक राहिलं. खाऱ्या पाण्यात गाडी इंजिनपर्यंत बुडाली असेल तर काढल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. आत पाणी गेलं असेल तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गोड्या पाण्यानं खालून भरपूर धुवा, ब्रेक-बेअरिंग उघडून घ्या, बाकी मेकॅनिकला बघू द्या.

घाटमुलुख (पुणे)

तीन आठवड्यांनी परत लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

सामान घेतलं. साडेसहा टनी ९ मीटर कायनेटिक दोर, दोन सॉफ्ट शॅकल, ४.७५ चे दोन बो शॅकल, गेज, कॉम्प्रेसर आणि लांब दांड्याचं फावडं. माझ्या आणि मित्राच्या दोन्ही गाड्यांना चेसिसवर पॉइंट बसवून घेतले, बोल्टची डोकी मी स्वतः खाली झोपून वाचली, ८.८ आहे.

रविवारी मित्राच्या मुळशीतल्या जमिनीवर मुद्दाम त्याची गाडी चिखलात घातली, डिफपर्यंत. भाचा हट्टानं आला होता. त्याला प्रमुख केलं, म्हणजे हात वर-खाली करायचं काम त्याचं आणि तो थांब म्हणाला की आम्ही दोघांनी थांबायचं. आधी पंचवीस मिनिटं खणलं, हवा १८ वर आणली, चाकांपुढे चर काढले. दोर लावला, मध्ये ओली माती भरलेली सॅक टाकली. पहिल्याच प्रयत्नात, ढील न देता, थार लो मध्ये पहिल्या गियरला नुसती पुढे सरकली आणि गाडी मागोमाग बाहेर आली. दोर जेमतेम हातभर ताणला असेल. आवाजसुद्धा झाला नाही.

जंगलवाटा (नाशिक)

फार बरं वाटलं दादा. भाचा कुठे उभा होता?

घाटमुलुख (पुणे)

बांधावरच्या आंब्याखाली, दोराच्या रेषेच्या बाहेर, बाजूला. मी अंतर सांगायच्या आधी त्यानंच पावलं मोजली. वीस सांगितली होती, तो तीस मोजून थांबला.